दोनशे चौदा तास, सदतीस मिनिटं

खेळवालीने व्हिडिओ गेमची पाचवी डबी काचेच्या काउंटरवर ठेवली आणि पाचही डब्या बोटाने ढकलत एका रेषेत आणल्या.

"हं, थेंबूताई. ह्या पाच. तुझ्या बाबांनी जहाजावरून पाठवलेल्या नव्या मशीनवर पाचही चालतात. आता मी तीन प्रश्न विचारणार. चुकीचं उत्तर नसतंच. पण खोटं उत्तर असतं, आणि ते मला लगेच कळतं."

थेंबूने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. आज तिला नऊ वर्षं पूर्ण झाली होती. नवा फ्रॉक नको म्हणून तिने रोजचाच निळा शर्ट घातला होता. केस आजोबांनी दोनदा विंचरून दिले होते, तरी भांग वाकडा तो वाकडाच.

आजोबा म्हणजे गल्लीतले घड्याळजी. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. एरवी ते सांगितल्यावाचून त्यांना राहवलं नसतं. आज ते नुसते त्याच्याकडे बघत बसले होते.

"पहिला प्रश्न. हरलीस की काय करतेस?"

"पुन्हा खेळते."

"लगेच?"

थेंबूने विचार केला. "आधी थोडं रडते. मग."

"शाबास. मोठी माणसं हे कबूल करत नाहीत. दुसरा. गोष्ट वाचायला आवडते की नुसती चित्रं बघायला?"

"वाचायला. पण फार बारीक अक्षर नको."

"मलाही नको. आता तिसरा. एकटी खेळणार, की कुणाबरोबर?"

थेंबूने खाली पाहिलं. काउंटरच्या काचेवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते. तिने ते मोजल्यासारखं केलं.

"एकटी," ती म्हणाली.

खेळवालीने नजर वर करून घड्याळजींकडे पाहिलं आणि लगेच काढून घेतली.

तिचं दुकान जुन्या-नव्या व्हिडिओ गेमचं. कुणी काहीही मागावं, ती द्यायची. फक्त ह्या पाच डब्या ज्या मालिकेतल्या, तिच्यातला कुठल्याही पोराचा पहिलावहिला खेळ ती प्रश्न विचारल्याशिवाय देत नसे. मालिका पंचवीस वर्षांची. प्रत्येक खेळात तुम्ही एका लहानशा गावातून निघता, निघताना तीन राक्षसांपैकी एक निवडता, आणि त्याला बरोबर घेऊन गवतातून, गुहांतून, नदीकाठाने हिंडता. वाटेत दुसरे राक्षस पकडता, पाळता, वाढवता, त्यांची नावं ठेवता. मालिकेत इतके खेळ झालेत, की नवीन येणारं प्रत्येक पोर दारातच गांगरतं. सुरुवात कुठून करायची? नव्यात नव्यापासून, का अगदी पहिल्यापासून? खेळवाली म्हणायची, पहिला खेळ एकदाच पहिला असतो, म्हणून घाई नको.

"तर मग," ती आता म्हणाली, "ह्या पाचातला कुठला, ते बघू. पण त्याआधी तुझी एक वस्तू माझ्याकडे आहे. ती दाखवणं माझं काम."

ती काउंटरखाली वाकली आणि बुटांचं एक खोकं वर घेऊन आली. झाकणावर चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'थेंबू. नऊ झाली की.' अक्षर पुढे झुकलेलं, घाईचं. थेंबूने ते ओळखलं. घड्याळजींनी तर स्टुलावरूनच ओळखलं. लेकीच्या त्या अक्षराला त्यांनीच पाटीवर वळण लावायचा प्रयत्न केला होता, आणि हरले होते.

खोक्यात एक जुनं मशीन होतं, एक राखाडी वायर होती आणि 'सांज' नावाची कॅसेट.

मालिकेतला सगळ्यात पहिला खेळ दोन कॅसेटींत आला होता. एक 'पहाट', दुसरी 'सांज'. गोष्ट तीच, गावं तीच, पण काही राक्षस फक्त पहाटेत सापडत आणि काही फक्त सांजेत. एकट्याने कितीही खेळलं तरी सगळे मिळत नसत. दोन मशीनं वायरने जोडायची आणि एकाचा राक्षस दुसऱ्याला द्यायचा, असा त्याचा बेत. थेंबूच्या आईजवळ ती स्वतः लहान असल्यापासून 'पहाट' होती. थेंबू पाच वर्षांची असताना आईने तिला मांडीवर घेऊन कबूल केलं होतं, की तू नऊ वर्षांची झालीस की तुला 'सांज' घेऊन देईन, आपण वायर जोडू, आणि तुझ्यासाठी सांभाळलेला राक्षस मी तुला देईन. त्याचं नावही तिने 'थेंबू' असंच ठेवलं होतं. पुढे आई आजारी पडली. दवाखान्याच्या फेऱ्यांतून एकदा वेळ काढून ती खेळवालीकडे येऊन हे खोकं ठेवून गेली. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. ती जाऊन दीड.

ह्या दीड वर्षात थेंबू रोज शाळेतून आजोबांच्या दुकानात आली, की दप्तर ठेवायच्या आधी टेबलाचा खण उघडून आईचं मशीन काढायची. सुरू करायची. पडद्यावर आईने सेव्ह केलेला खेळ दिसायचा आणि त्याच्याखाली, ती एकूण किती वेळ खेळली, त्याचा आकडा. दोनशे चौदा तास, सदतीस मिनिटं. थेंबू तो बघायची. दुसरं कुठलंही बटण दाबायची नाही. दाबलं तर आकडा पुढे सरकला असता. मग बंद करून ठेवून द्यायची आणि म्हणायची, "आहे."

"असणारच," घड्याळजी डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून म्हणायचे. "जातंय कुठे?"

आणि ते गेलं होतं. घड्याळजींच्या हातून.

नऊ वर्षं पूर्ण व्हायची ती तारीख जवळ आली, तसा त्यांना त्या वस्तूचा घोर लागला. कुठेतरी वाचलं, की त्या जुन्या कॅसेटींच्या पोटात एक सेल असतो आणि तो वीस-पंचवीस वर्षांत मरतो. आयत्या वेळी, वायर जोडताना मेला तर? आयुष्यभर त्यांनी हेच तर केलं होतं. सेल मरायच्या आत बदलावा, म्हणजे माणसाची खोटी होत नाही. त्यांनी एका दुपारी 'पहाट'ची कॅसेट उघडली, जुना सेल अलगद काढला, नवा बसवला, सोल्डरचे दोन ठिपके दिले. काम इतकं सुबक झालं होतं, की दोनदा भिंगातून पाहिलं. घड्याळाचा सेल काढला तरी काटे होते तिथेच राहतात. घड्याळ थांबतं, विसरत नाही. पन्नास वर्षं घड्याळं उघडणाऱ्या हातांना हेच ठाऊक होतं. ही वस्तू मात्र त्या सेलच्या जोरावरच सगळं लक्षात ठेवत होती. त्यांनी मशीन सुरू केलं तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती. नवा खेळ.

दोन दिवसांनी ते एकटेच खेळवालीकडे आले होते. तिने कॅसेट बघितली, सेल बघितला आणि कॅसेट परत त्यांच्या हातात ठेवली.

"परत नाही येत हो हे," मग म्हणाली. "पोरीला सांगून टाका."

"सांगतो."

"सांगाच. मी तिला आपणहून काही बोलणार नाही, पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि तिच्या आईचं खोकं मी लपवणार नाही."

"सांगतो म्हटलं ना, बाई."

सेल बदलला त्याला आज पंचवीस दिवस झाले होते. रोज सकाळी दुकानाचं दार वर सरकवताना ते ठरवायचे आणि रोज संध्याकाळी खाली ओढताना उद्यावर ढकलायचे. नशीब म्हणा, त्या दिवसांत थेंबूने त्यांच्यासमोर आईचं मशीन एकदाही काढलं नव्हतं. शाळेतून यायची, सरळ अभ्यासाला बसायची. पोरीचं मन दुसरीकडे लागलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. एरवी दिवसाला अर्धा सेकंद मागे पडणारं घड्याळही त्यांना कळायचं.

आणि आजचा त्यांचा बेत असा, की कसंही करून तिला नव्यातला नवा खेळ घ्यायला लावायचा. नव्याला जुनी वायर लागत नाही. वायर नाही, तर पहाट उघडायला नको. शर्टाच्या खिशात त्यांनी मुद्दे लिहून आणले होते: रंगीत आहे, राक्षस जास्त आहेत, वर्गातल्या सगळ्यांकडे तोच आहे.

"हं, बघ की," खेळवाली खोकं थेंबूच्या बाजूला सरकवत म्हणाली. "तुझंच आहे."

घड्याळजींनी स्टुलाची कड धरली.

थेंबूने खोक्याला हात लावला नाही. एक पाऊल मागे सरकली.

"नको," ती म्हणाली.

"अगं, आईने—"

"हा नको. जुना आहे. मला नव्यातला नवा द्या." मग घाईघाईने एकेक शब्द जोडत म्हणाली, "रंगीत असतो ना तो. आणि वर्गात सगळ्यांकडे तोच आहे."

खिशातला कागद न काढताच घड्याळजींचं काम झालं होतं. हायसं वाटून छातीत भरून घेतलेला श्वास मात्र सुटेना. कानाला काहीतरी वेगळं लागलं होतं. बाहेरून धडधाकट दिसणारं घड्याळ कानाशी धरावं आणि आतला ठोका एका बाजूला कलल्यासारखा ऐकू यावा, तसं.

खेळवालीने नवा खेळ कागदी पिशवीत घातला. "वर्षभर माझ्या डोक्याशी भुणभुण केलीस, मावशी सांज आहे ना, मावशी सांज विकली तर नाही ना. आणि आता हे." ती हसण्यावारी नेत बोलली, पण घड्याळजींना उरलेले पैसे परत देताना त्यांच्याकडे बघून म्हणाली, "खोकं आहे इथेच. मी सातपर्यंत असते."

घड्याळजींचं दुकान तिथून चार दारं सोडून. एरवी तेवढ्या अंतरात थेंबू पन्नास गोष्टी सांगायची. आज पिशवी छातीशी धरून गुमान चालली.

दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर वाकलेला दिवा, आणि तीन भिंतींवर लोकांची घड्याळं. टेबलामागे भिंतीत दोन लांब खिळे होते. डावा राहिलेल्या कामांचा, उजवा झालेल्या कामांचा. दुरुस्तीला वस्तू आली, की घड्याळजी आधी चिठ्ठी करत. तारीख, वार, वेळ, कुणाची वस्तू, उघडण्यापूर्वी काय स्थिती होती. मगच झाकणाला हात. थेंबूला अंकओळख झाली ती ह्याच चिठ्ठ्यांवर, आणि तिच्या आईलाही. "आधी बघायचं, मग लिहायचं, मग उघडायचं," हे त्यांनी दोघींना इतक्यांदा सांगितलं होतं, की दोघीही त्यांची नक्कल करत.

थेंबूने पिशवी टेबलावर ठेवली आणि आपल्या बुटक्या, वेताच्या मोड्यावर बसली.

"उघड की गं."

"नंतर."

"तीनातला कुठला राक्षस घेणार? आगीचा, पाण्याचा, का झाडपाल्याचा?"

"बघू."

घड्याळजी खुर्चीत बसले. दिवा लावला, बंद केला. थेंबू खणाकडे बघत होती, पण मान वळवून, नुसत्या डोळ्यांनी.

"आजोबा, आईचं मशीन तुमच्या कपाटात ठेवाल? कुलूप लावून?"

"का गं? खणात काय वाईट आहे?"

"मी हात लावला तर?"

"लाव की. तुझंच आहे ते."

"नको." तिने पुन्हा पाठीमागे मनगट धरलं. "माझ्या हातून पडतं."

दुकानातली घड्याळं आपापली चालली होती. त्यातल्या कुठल्याच दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

"कधी पडलं?" घड्याळजींनी विचारलं.

"बुधवारी. मागच्या महिन्यातल्या. तुम्ही बँकेचं घड्याळ द्यायला गेला होतात तेव्हा." आता सुरू झालंच होतं, तर तिला थांबता येईना. "मी नेहमीसारखं बघायला काढलं. हात ओले होते, पुसले नव्हते. खाली पडलं. फुटलं नाही, काही नाही. पण सुरू केलं तर आईचं नव्हतंच. नुसतं नवा खेळ, नवा खेळ. मी पाच वेळा बंद करून सुरू केलं. मला वाटलं तुम्हाला दुरुस्त करता येईल, पण मग तुम्हाला सांगायला लागलं असतं. तुम्ही म्हणाला असतात—" तिने नाक ओढलं. "तुमची मुलगी होती ना ती. तुमचंसुद्धा होतं ते."

म्हणून सांज नको. म्हणून वायर नको. वायर जोडली असती, तर आजोबांना कळलं असतं.

घड्याळजींना एकच वाक्य म्हणायचं होतं. असू दे, बाळ, जुनी वस्तू होती. तेवढ्याने सगळं मिटलं असतं. तिने माफी मागितली असती, त्यांनी दिली असती, दोघं रडली असती, आणि मग तिने पिशवीतला खेळ उघडला असता. वाक्य जिभेपर्यंत आलं. मऊ होतं, आजोबांच्या तोंडी शोभेल असं होतं.

त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. पाठीमागे तिने मनगट इतकं आवळलं होतं, की बोटांच्या टोकांचा रंग उतरला होता. हे असं मनगट धरणं ते कितीतरी दिवस बघत होते. जेवताना, अभ्यासाला बसताना, गल्लीतून चालताना. पोरांना लागतात तशा सवयी लागतात, असं समजले होते. तिने तो हात धरून ठेवला होता. पुन्हा काही पाडू नये म्हणून.

त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. त्याच्या तळाशी घडी करून ठेवलेली एक चिठ्ठी होती. ती पंचवीस दिवस कुठल्याच खिळ्यावर गेली नव्हती.

"हे वाच," ते म्हणाले. "मोठ्याने वाच."

थेंबूने चिठ्ठी दोन्ही हातांनी धरली. तिने आधी तारीख वाचली, मागच्या महिन्यातली; बोट नेहमीप्रमाणे ओळीखालून सरकत होतं.

"वार मंगळवार. वेळ दुपारी तीन दहा. ग्राहकाचे नाव..." ती थांबली. "लेक."

"पुढे."

"वस्तू, खेळाची कॅसेट, पहाट. उघडण्यापूर्वीची स्थिती, चालू. दोनशे चौदा तास, सदतीस मिनिटं. दोष, नाही. सेल जुना. काम, सेल बदलला."

"वार पुन्हा वाच."

"मंगळवार." तिच्या कपाळावर आठी पडली. "मंगळवारी मी नव्हते इथे. चित्रकलेला होते."

"हो."

"माझ्या हातून पडलं बुधवारी."

"हो."

"म्हणजे माझ्या हातून पडलं, तेव्हा आईचं..."

"तेव्हा ते गेलेलंच होतं. माझ्या हातून गेलं, थेंबू. सेल काढला आणि गेलं. तुझ्या हातून काही झालं नाही. पडल्याने असं होत नाही. तू ते गच्चीवरून टाकलं असतंस, तरी झालं नसतं."

तिचे खांदे खाली आले. एक अख्खा श्वास आत गेला आणि बाहेर आला. घड्याळजींनी तेवढ्यासाठी स्वतःला थोडं बरं वाटू दिलं. पण ती हिशेबाला पक्की होती. डोळे चिठ्ठीवरून वर आले.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"पंचवीस दिवस?"

घड्याळजींनी मान हलवली.

"मी रोज शाळेतून येताना ठरवायचे, आज सांगायचंच. मग तुम्हाला बघितलं की नाही सांगायचे."

"मीसुद्धा."

"पण तुम्ही मोठे आहात!"

घड्याळजींनी चष्म्याचं घर मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"मी मशीन काढत नव्हते. रोज काढायचे आणि एकदम बंद केलं. तुम्ही मला विचारलंत का, की थेंबू, का गं नाही बघत? एकदा तरी विचारलंत?"

"नाही विचारलं."

"का?"

"विचारलं असतं, तर मला सांगावं लागलं असतं."

हे तिला समजलं, कारण तिचंही तेच होतं. समजलं म्हणून राग कमी झाला नाही. तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली, मग पुन्हा उचलली.

"तुम्हालाही नाही येणार दुरुस्त करता?"

"नाही."

"मोठ्या दुकानात?"

"विचारलं. तीन ठिकाणी. नाही येत."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही, बाळ."

मग ती रडली. थोडं नाही. मोड्यावर पाय वर घेऊन, गुडघ्यांत तोंड घालून, आवाज न करता रडली, आणि घड्याळजींना कळलं, की असं बिनआवाजाचं रडायला ती ह्या पंचवीस दिवसांतच शिकली आहे. डोक्यावरून हात फिरवावा म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच टेबलावर ठेवला. एक गिऱ्हाईक पट्टा बदलायला आलं. त्यांनी नुसती मान हलवली, तसं ते समजून गेलं.

बऱ्याच वेळाने थेंबूने बाहीने नाक पुसलं. चिठ्ठी अजून तिच्या मुठीत होती, चुरगळलेली. तिने ती मांडीवर सपाट केली.

"हे खाली काय आहे? लोलक, किल्ली, टिकटिक, काटा, गजर, थेंबू."

"तिचे सहा राक्षस. उघडण्यापूर्वी बटण दाबून पुढच्या पडद्यावर जे दिसलं, तेही सगळं उतरवून घेतलं. सवयीने."

"ही नावं तर..." तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. मोठ्या घड्याळातला पितळी लोलक इकडून तिकडे जात होता. खाली हुकाला किल्ल्या लटकत होत्या.

"हो," घड्याळजी म्हणाले. "मलाही लिहितानाच कळलं. तुझ्याएवढी होती तेव्हा ह्याच टेबलाखाली बसून खेळायची. मी वरून ओरडायचो, वेळ वाया घालवतेस म्हणून. मला वाटायचं, दुकानात काय चाललंय ह्याच्याकडे पोरीचं लक्षच नाही." त्यांनी टेबलाच्या कडेवरची न दिसणारी धूळ बोटाने पुसली. "दोनशे चौदा तास. जवळजवळ नऊ दिवस, नऊ रात्री. मी मोजले."

थेंबूने बोटांवर तेही मोजून बघितलं.

"लोलक कुठला होता? आगीचा?"

"झाडपाल्याचा. पहिला तोच घेतला होता तिने. मला दाखवायला आली होती. मी म्हटलं, नंतर बघतो."

"बघितलात?"

"नाही."

चिठ्ठीच्या तळाशी एक छापील ओळ होती. थेंबूचं बोट तिथे जाऊन थांबलं. "इथे सही कुणी करायची?"

"ज्याची वस्तू त्याने. वस्तू नीट मिळाली, की करायची."

"मी नाही करणार."

"नको करू."

"कधीच नाही करणार."

"बरं."

तिने चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली आणि ते काय करतात, ते बघत राहिली. घड्याळजी उठले. दोन्ही खिळ्यांसमोर क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी चिठ्ठी डाव्या खिळ्यावर, राहिलेल्या कामांत, सगळ्यांच्या वर टोचली.

थेंबूने मान हलवली. मोड्यावरून उतरली, न उघडलेली पिशवी उचलली.

"हा परत देऊ या. मावशी सातपर्यंत आहे ना?"

"आहे."

"मी सांजच घेणार. आणि आईचं मशीन तुम्ही खेळायचं. पहिल्यापासून. गवतात हिंडून, पकडून, मोठा करून एक तरी राक्षस मला वायरने द्यायचा. नाहीतर माझे पूर्ण कसे होणार?"

"मला कुठे येतं गं ते?"

"मी शिकवीन." ती दारापर्यंत गेली आणि वळली. डोळे सुजलेले होते, हनुवटी पुढे. "पण आज नाही शिकवणार. आज मी तुमच्यावर रागावले आहे."

"बरं."

"उद्यासुद्धा असेन बहुतेक."

"चालेल."

त्यांनी दाराला 'आलोच' अशी पाटी अडकवली. थेंबू पुढे निघाली होती. एका हातात पिशवी, दुसरा हात मोकळा. त्या हाताने ती वाटेतल्या शटरांच्या पट्ट्यांवरून बोटं खडखडत नेत होती, पूर्वी न्यायची तशी. घड्याळजी दोन पावलं मागे होते. तिने वळून बघितलं नाही, आणि त्यांनी हाक मारली नाही. खेळवालीच्या दारात पोचले, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आपण दोन्ही हात पाठीमागे नेले आहेत आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं आहे.